हळर्ण तिठ्यावरचा काचेचा बूथ

हळर्णच्या तिठ्यावर बस थांबली की समोर पहिलं दिसतं ते जानकी परबचं दुकान. दुकान म्हणजे काय, दोन फळ्या, एक बांक, रिचार्जचे फलक, आणि डाव्या कोपऱ्यात माणसाच्या उंचीचं एक काचेचं खोकं. नवीन माणूस हमखास विचारतो, "हे काय हो, देव्हारा की काय?" जुने लोक हसतात. तो एसटीडीचा बूथ. आतला फोन जाऊन जमाना झाला, पण जानकीने बूथ काही हलवला नाही. तिचा नवरा गुरुदास चवथीच्या साफसफाईला दरवर्षी एकदा तरी म्हणायचा, "आगो, ह्या कपाट भंगारात घाल. थंय एक फ्रीज बसतलो." आणि जानकी दरवर्षी तेच उत्तर द्यायची, "आधी माका भंगारात घाल, मगे बूथ." झालं, विषय संपला.

जानकी मूळची दोडामार्गकडची. लग्न होऊन हळर्णात आली तेव्हा गुरुदास मुळगावला खनिजाच्या ट्रकावर होता. पहाटे जायचा तो तांबड्या धुळीने माखून संध्याकाळी यायचा. दिवसभर घरात बसून करायचं काय? तिने हट्ट धरून बूथ घेतला. गोवा घटकराज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि घरात फोन असणं ही भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची मिजास होती. अर्धा गाव जानकीच्या बूथमधूनच बोलायचा. कोण आखातातल्या नवऱ्याशी, कोण बोटीवरच्या भावाशी, कोण म्हापशाच्या डॉक्टरशी.

आता त्या बूथची एक खोड होती. काच होती जाड, दारही घट्ट, पण आवाज म्हणून अडत नसे. बाहेरच्या बांकावर बसलेल्याला आतलं सगळं स्वच्छ ऐकू यायचं. आणि तिठ्यावरच्या बांकावर बसणारी मंडळी कशी असतात ते काय सांगायला हवं? पोदेराची सायकल येऊन गेली, पाव घेऊन झाले, तरी उठायचं नाव नाही. कोणी बूथमध्ये शिरलं की सगळे एकदम मुके आणि कान टवकारलेले.

जानकीला त्याची चीड यायची. बाईमाणूस नवऱ्याशी दोन शब्द बोलतं आणि हे आयते सोकावलेले ऐकत बसतात! एक दिवस तिने माहेरून आणलेला रेडिओ फळीवर ठेवला. कोणी आत गेलं, दार लागलं, की ही बटण फिरवायची. बातम्या असोत, भजन असो, नाहीतर नारळाचे भाव असोत, जे काय लागलं असेल ते तिठाभर दणाणायचं. बांकावरचे कुरकुरायचे. ती म्हणायची, "आयकाक येना? मगे घरा जावा." स्वतःही ती रस्त्याकडे तोंड करून बसायची. आतला माणूस रडत बाहेर आला तर पाण्याचा तांब्या पुढे करायचा, का म्हणून विचारायचं नाही. "बूथातलां बूथात," एवढंच तिचं बोलणं.

तिथे नेमाने येणारी एक होती रुक्मिणी. नवीन लग्न झालेली, नवरा धाकू कुवेतला. दर आठवड्याला डोक्याला तेल लावून, नीट नेसून यायची, जणू तो तारेतून बघणारच होता. धाकू मोठा तापट म्हणून गावात प्रसिद्ध. पण फोनवर त्याचा आवाज चढायचा नाही असं रुक्मिणी सांगायची. जानकी हसून सोडून द्यायची.

पुढे मोबाईल आले आणि बूथ ओस पडला. खाणी बंद झाल्या, गुरुदास ट्रक सोडून टॅक्सी चालवू लागला. जानकीने रिचार्ज, सिमकार्ड, कव्हरं सुरू केली. कव्हरांचे खोके बूथमध्ये रचले. नवा फोन घेतला की लोक डबा न फोडता थेट तिच्याकडे आणायचे, "जानकी, चालू करून दी." ती हुशार बाई, बघून बघून सगळं शिकली.

मग ती महामारी आली, शाळा मोबाईलात शिरली, आणि ज्या पोरांच्या हाताला फोन लागू द्यायचा नाही असं घरोघर चाललं होतं त्यांच्याच हाती तो देणं भाग पडलं. पोर अभ्यास करतंय की भलतंच काही बघतंय, कळायचं कसं? शाळा पुन्हा भरू लागली तेव्हा एक बाई येऊन सांगून गेल्या की मुलांच्या फोनावर लक्ष ठेवणारं ॲप असतं, पॅरेंटल कंट्रोल म्हणतात त्याला. वाईट गोष्टी अडवतं, वेळेवर फोन बंद पाडतं, पोर कुठे आहे ते दाखवतं, कोणी अनोळखी भलतंसलतं लिहायला लागला तर आईबापांना कळवतं. दुसऱ्या दिवशी जानकीच्या दुकानासमोर ही रांग!

इथेच घोळ झाला. ॲप विचारायचं, पालकाचा इमेल कुठला, पालकाचा फोन कुठला. आता वाड्यावरच्या कमलकडे बटणांचा फोन, महादेवला इमेल म्हणजे काय तेच ठाऊक नाही. सगळ्यांचं एकच, "तुझोच घाल गो. तू काय परकी?" आणि जानकीने घातला. एकाच्या फोनात घातला, दुसऱ्याच्या घातला, मग घालतच गेली. गावातला माणूस गावातल्या माणसाला असंच बोलतो, असंच करतो. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. पण ॲपच्या लेखी तिठ्याभोवतीच्या सगळ्या पोरांची आई एकच होती, जानकी परब.

तिचा फोन दिवसभर किणकिणायला लागला. कोण उशिरापर्यंत खेळ खेळत होतं, कोणी काय शोधलं, कोण शाळेच्या वेळी जुन्या किल्ल्याच्या कोटाकडे गेलं. आधी ती वैतागली. मग, खरं सांगायचं तर, तिला त्यात गंमत वाटू लागली. महादेवची पोरगी फळीजवळ आली की ही म्हणायची, "काल गणित सोडून नाच बघीत होतंस मगे?" पोरगी तोंड वासून बघायची. जानकीला सगळं कळतं अशी वाड्यावाड्यात ख्याती झाली, आणि बाई जरा फुगली. माणूस आहे, फुगायचीच.

एकदा कमलचा मुलगा सागर पेडण्याला ट्यूशनला जातो सांगून केरीच्या दर्याकडे गेला. जानकीच्या फोनावर नकाशा आला. कमल पाव घ्यायला आली होती, बांकावर चारजण बसलेले. जानकी सहज बोलून गेली, "कमल, तुझो झील आज केरीक शिकता वाटता!" बांकावर खसखस पिकली. कमलचं तोंड लाल झालं. संध्याकाळी सागरला भर रस्त्यात मार बसला. आधी तो पोरगा येता-जाता "काकी, जेवलंस?" म्हणून ओरडायचा. त्यानंतर मान खाली घालून पलीकडच्या कडेने जायला लागला.

जेवताना तिने ही गोष्ट गुरुदासला हसत सांगितली. गुरुदास हसला नाही. भात कालवत म्हणाला, "आपलो राखणदार देव रातभर गावच्या शिमेर चलता. पण कोणाच्या कुझनींत, चुलीकडे डोकायना."

"तू गप जेव," जानकी म्हणाली. पण तिने हातातला घास परत ताटात ठेवला. एवढी वर्षं रेडिओ लावून दुसऱ्याचं बोलणं झाकणारी बाई, आणि आज तीच बांकावर जाऊन बसली होती.

आणि नेमकं त्याच आठवड्यात, बुधवारी दुपारी, गौरवीच्या नावाची सूचना आली.

गौरवी म्हणजे रुक्मिणी आणि धाकूची एकुलती एक मुलगी, नववीतली. धाकू कुवेतहून परत आला तो घुमट हे चामडं मढवलेलं मातीचं वाद्य घेऊनच बसला. चवथीच्या आरत्यांना त्याच्यासारखं घुमट पंचक्रोशीत कोणी वाजवत नाही. मुलगा नाही म्हणून त्याने पोरीला शिकवलं. लोक हसले, "चेडवाक घुमट?" तेव्हा धाकू असा उसळला की पुन्हा कोणी बोललं नाही. पोरगीनेही नाव राखलं. मातीच्या त्या मडक्यावर तिची बोटं पडली की ऐकणारा हातातलं काम सोडून बघत राहायचा. मात्र धाकूचं एक होतं, घुमट देवाच्या पुढ्यात वाजवायचं, मोबाईलात नाही. फोन दिला त्या दिवशी सगळ्यांसमोर त्याने तिला बजावलं होतं, "एक चूक केलंस जाल्यार फोन बांयत आणि तू घरात. शाळाही बंद." आणि धाकू बोलला की करायचा.

पण चौदा वर्षांची पोर ती. तिने गुपचूप आपला वाजवतानाचा व्हिडिओ टाकला होता. त्यावरून कोणी एक माणूस तिच्याशी बोलायला लागला होता. ॲपने त्याचेच शब्द जानकीसमोर ठेवले. तू किती छान वाजवतेस. मी टीव्हीच्या कार्यक्रमासाठी मुली निवडतो. जवळून काढलेले फोटो पाठव. असे नकोत, दुसरे. आईबाबांना आत्ता सांगू नकोस, त्यांना मागाहून आनंदाचा धक्का देऊ. आणि शेवटचं, त्याच सकाळचं, शुक्रवारी म्हापशाला ये, बाजाराच्या गर्दीत कोणाच्या लक्षात येणार नाही.

मधे फक्त गुरुवार होता.

तिने फोन उचलला आणि धाकूचा नंबर काढला. मग थांबली. धाकूला कळलं तर काय होईल ते तिला डोळ्यांपुढे दिसलं. फोन विहिरीत, घुमट माळ्यावर, पोर घरात. माणूस कोण ते राहील बाजूला, दोष सगळा पोरीचा. आणि सांगितलं नाही तर? तर शुक्रवार होता. तिला रडूच कोसळलं. गिऱ्हाईक आलं त्याला तिने रिचार्ज संपले म्हणून परत पाठवलं. रिचार्ज कधी संपतात का? पण तो बिचारा गेला.

रडता रडता तिची नजर बूथवर गेली. कव्हरांच्या खोक्यांनी गच्च भरलेला. आणि तिला रुक्मिणी आठवली, तेल लावून, नीट नेसून आलेली.

दुकान तसंच टाकून ती मळ्यात गेली. रुक्मिणी दोडक्याच्या मांडवाखाली होती. जानकीने फोन तिच्या हाती दिला. रुक्मिणीने वाचलं, पुन्हा वाचलं.

"देवा रे. माझा चेडू..." मग तिने मान वर केली. "पण ह्या तुझ्या फोनार कशां?"

"तुमी सांगलात आणि मी घातलां. चूक माझी. तुका जितकी गाळी घालूची आसात तितकी घाल, पण मागीर. आधी हो शुक्रवार निस्तरूया."

रुक्मिणीने शिवी दिली नाही. तिने नुसतं विचारलं, "घरात कशां बोलू तिच्याकडे? हे आसतले. एक शब्द भायर पडलो तर..."

"घरात कित्याक? माझो बूथ आसा मगे."

दोघींनी मिळून खोके बाहेर काढले. काच पदराने पुसली. शाळा सुटून गौरवी बसमधून उतरली, तिला जानकीने हाक मारली. "बाये, आवय आत आसा. जा." पोरीने बूथमध्ये आईला बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. काय ते तिला कळलं असावं. ती आत गेली, दार लागलं.

बांकावर दोघे म्हातारे होतेच. जानकीने फळीवरचा रेडिओ काढला, झटकला आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. कसलंसं कीर्तन लागलं होतं. बुवा गळा काढून सांगत होते, आणि म्हातारे कानावर हात ठेवून ओरडत होते, "आगो, हळू कर!" तिने ऐकलंच नाही. वळताना तिला काचेतून एवढंच दिसलं की रुक्मिणीचा हात वर उचलला गेला होता. पण तो हात खाली आला तो पोरीच्या डोक्यावर. मग जानकीने तोंड रस्त्याकडे केलं ते केलंच. ऐकायचं नाही तर बघायचं तरी कशाला?

कीर्तन संपून बातम्या लागल्या, त्याही संपल्या, तेव्हा दार उघडलं. दोघींचे डोळे सुजलेले. जानकीने तांब्या पुढे केला. पोरगी घटाघट प्यायली. मग रुक्मिणी म्हणाली, "तिने मुखाचे फोटो धाडल्यात, आनी काय ना. म्हापशाक जावचां ना म्हणून ती घरात सांगूक बघी होती, पण कोणाक सांगतली? आमकां भियेता." हे म्हणताना तिचा आवाज फाटला. "पोरगी आमकां भियेता गो जानकी."

दुसऱ्या दिवशी दोघी गौरवीला घेऊन पेडण्याच्या पोलीस ठाण्यात गेल्या. तिथल्या हवालदार बाई समजूतदार निघाल्या. त्यांनी त्यातलं काही पुसू नका म्हणून सांगितलं, सगळं उतरवून घेतलं, आणि पोरीला म्हणाल्या, "तू काय केलंस म्हणून खाली बघतेस? खाली त्याने बघायचं." म्हापशाला शुक्रवारी गौरवी गेली नाही, साध्या वेशातले पोलीस गेले. माणूस आला नाही, पण त्याचं खातं सापडलं, आणि अशाच आणखी मुलींची नावंही. पुढचं काम चालू आहे.

धाकूला रुक्मिणीनेच सांगितलं, गुरुवारी, ठाण्यातून आल्यावर. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने घुमट खुंटीवर टांगलं, फोन कपाटावर ठेवला आणि गप्प झाला. पोरीशी नाही, बायकोशी नाही. विहिरीत काही टाकलं नाही, पण शाळेचं काय तेही बोलला नाही. चवथ तोंडावर आलेली, घरोघर घुमटांना नवी चामडी चढत होती, आणि धाकूच्या घरात चिडीचूप. जानकीच्या दुकानाकडे तर तो फिरकेनाच. रस्त्याने गेला तरी बघायचा नाही. जानकीचा जीव टांगणीला लागला. वाचवायला गेले आणि पोरीचं सगळंच घालवून बसले की काय, असं तिला रोज वाटायचं.

पण हात बांधून बसणारी ती नव्हे. तिने एकेका आईबापाला बोलावलं. "ॲप नाका म्हणना, जरूर ठेवा. त्यानेच तर कळलां. पण पोर तुमचां, राखण तुमची." ज्यांच्याकडे साधा फोन होता त्यांच्या घरातलं कोणीतरी मोठं शोधलं, मामी, काका, थोरली बहीण, आणि त्यांना बसवून शिकवलं. पासवर्ड त्यांनी घालायचा, आणि घालताना ही रस्त्याकडे बघायची. काहीजण भडकले. महादेव म्हणाला, "म्हणजे इतले दीस तू सगळां बघी होतंस?" ती म्हणाली, "होय रे. बघी होतंय." कमल तर काहीबाही बोलली. जानकीने सगळं ऐकून घेतलं. मग सागरला हाक मारून कमलसमोरच म्हणाली, "झिला, बांकार लोक आसताना तुझी गोष्ट काढली. माझां चुकलां." सागर मान खाली घालूनच निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी जाताना "काकी, जेवलंस?" ऐकू आलं. हळू आवाजात, पण आलं.

जानकीचा फोन शांत झाला. फक्त गौरवीचं खातं तेवढं राहिलं होतं. रुक्मिणी म्हणालेली, "ह्यांच्या फोनार घालूक जाय. पण ह्यांका कोण सांगतलो?"

चवथीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. पाऊस उघडला होता. जानकी फुलवाती विकायला मांडत होती, तर समोर धाकू. हातात फोन, आणि मागे गौरवी. आता हा काय करणार? बांकावरचे लगेच गप्प झाले, कान उभे.

धाकू फळीजवळ येऊन उभा राहिला. गळा खाकरला, बूथकडे बघितलं.

"वयनी, बूथ खाली आसा?"

"आसा," जानकी कशीबशी म्हणाली.

"घरात माझो आवाज चडता. कितें करू, चडताच." तो जमिनीकडे बघत होता. "कुवेतात आसताना रुक्मिणी हंयसून बोलायची तेव्हा मागे तुझो रेडिओ आयकू यायचो. कधी भजन, कधी नारळाचो भाव. तो आयकलो की माझो आवाज खाली बसायचो. थंय कोण आयकना, ह्या कळायचां." त्याने पोरीसाठी दार धरलं. "ह्या फोनात तां राखणीचां कशां घालतात, तां मागीर शिकय. आधी माका हिच्याकडे बोलूक जाय. रेडिओ लाय गो. मोठ्यान."

दोघं आत गेली. जानकीने रेडिओ लावला. डोळ्यांत पाणी भरल्यामुळे तिला बटण दिसेना, चाचपून फिरवावं लागलं. मग ती रस्त्याकडे तोंड करून बसली. बांकावरचे म्हातारे काहीतरी पुटपुटले, तिने एकच नजर टाकली, ते उठून चालते झाले.

किती वेळ गेला कोण जाणे. रेडिओवर बाजारभाव चालले होते. आणि त्या भावांच्या मधून, बूथमधल्या, फोन ठेवायच्या प्लायवूडच्या फळीवर बोटं पडल्याचा आवाज आला. आरतीचा ठेका, जड हाताचा, जरा चुकत चुकत. थांबला. मग दुसरी बोटं त्यात मिसळली, हलकी, चपळ, आणि ठेका सावरला. दोघं मिळून वाजवत होती.

जानकीचा हात आपोआप बटणाकडे गेला. थोडासा आवाज कमी केला असता तर नीट ऐकू आलं असतं. ऐकायची इच्छा किती होती, ते तिचं तिलाच ठाऊक.

तिने बटण फिरवलं आणि रेडिओ आणखी मोठा केला.